चौकोनात राहिलेला कागद

दुपारी चार वाजता आत्याने भाच्यासाठी शिवलेली गोधडी झटकली आणि गोधडीतून कुरकुर आवाज आला. कागदावर तुकडे जोडून चौकोन शिवायचा आणि अस्तर लावण्याआधी कागद फाडून काढायचा, ही तिची रीत. एका चौकोनातला कागद आतच राहिला होता. पहिल्याच धुण्यात त्याचा लगदा होणार होता. तिच्या शिवणीत आजवर कोणी खोट काढली नव्हती.

"उसवते," आत्या म्हणाली.

"थांबा हो वन्सं." भावजयीने रडणारं बाळ गोधडीवर ठेवलं. त्याची टाच आपटली, कागद वाजला. बाळ गप्प होऊन कान देऊ लागलं. "तुमच्या चुकीवरच भाळलाय."

"मग धुवायची कशी?"

"बघू."

सात वाजता बाळ गोधडीवर झोपलेलं होतं आणि आत्या कात्री घेऊन शेजारी बसली होती.