हवाबंद खुराडं

बाबांनी खुराड्याच्या दारात कागदाची पट्टी धरली, दार लावलं आणि पट्टी ओढून पाहिली. ती जागची हलली नाही.

"बघ," ते म्हणाले. "मुंगीलासुद्धा विचारून आत यावं लागेल."

चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे फ्रिज दुरुस्त केले होते. दाराचं रबर धड आहे की नाही, ते असंच कागद अडकवून बघत. सहा महिन्यांपूर्वी आजारपणात उजव्या हातातलं बळ गेलं आणि हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली, ती गेलीच. मग शेजारच्या नर्सबाई लेकीकडे राहायला निघाल्या आणि आपल्या तीन कोंबड्या कुणाच्या गळ्यात घालाव्यात या विचारात पडल्या. बाबांची मुलगी नुकतीच विज्ञानाची पदवी घेऊन पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागली होती. जेवताना ती म्हणाली, "आपण घेऊ या की. फक्त खुराडं करणारं कुणी मिळायला हवं." दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी अंगणात होती.

मुलगी खुराड्याची माहिती उतरवून घेतलेल्या वहीतून वाचून दाखवायची आणि बाबा करायचे. मुंगसाने उकरून आत शिरू नये म्हणून फिरायच्या जागेभोवतीची जाळी हातभर जमिनीत गाडली. बसायचा दांडा अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंच लावला, कारण कोंबडी सगळ्यात उंच जागा बघून झोपते. खोकी उंच असली तर तिथेच झोपून घाण करते. शेवटचे दोन दिवस मात्र मुलगी कामावर होती. संध्याकाळी येऊन बघते तर बाबांनी फटन् फट बुजवली होती आणि दाराला भंगारातल्या फ्रिजचं रबर बसवलं होतं. वहीतलं पुढचं पान हवा खेळती ठेवण्याबद्दल होतं. पण बाबा कागद ओढून दाखवत होते, आणि कितीतरी दिवसांनी त्यांची मान ताठ होती. तिने वही मिटली. एका रात्रीने काय बिघडणार, असं स्वतःला समजावून कोंबड्या आत सोडल्या.

सकाळी दार उघडलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. विष्ठेतून सुटलेला अमोनिया रात्रभर आत कोंडला होता. छताला आतून थेंब लटकले होते. आईने कोंबड्यांना जावा-जावांसारखी थोरली, मधली, धाकटी अशी नावं दिली होती. त्यांतली थोरली आणि धाकटी धडपडत बाहेर पडल्या. मधली दांड्यावरच चोच वासून, डोळे मिटून बसली होती. मुलीने तिला उचलून झाडाखाली ठेवलं आणि तिच्यासमोर पाणी ठेवलं. बऱ्याच वेळाने तिने एक घोट घेतला.

आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. "सांगितलंस तर पेटी पुन्हा पलंगाखाली," ती हळूच म्हणाली. "नाही सांगितलंस तर कोंबड्या जातील."

"ते कामात गुंतले असताना मागच्या बाजूने दोन भोकं पाडली तर?"

"चाळीस वर्षं गळती शोधणाऱ्या माणसाला ती दिसणार नाहीत होय?"

तेवढ्यात बाबा तिघांचा चहा घेऊन आले. आजारपणानंतर सकाळचा चहा तेच करत. तो रोज पाणचट व्हायचा आणि मायलेकी रोज "मस्त झालाय" म्हणून प्यायच्या. मुलीने कप खाली ठेवला.

"बाबा, जरा आत डोकं घालून श्वास घेता का?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मधलीकडे. गुडघ्यावर हात ठेवून वाकले, डोकं आत घातलं आणि क्षणात मागे घेतलं. डोळे पुसत ते खुराड्यापाशीच जमिनीवर बसले. मुलीला वाटलं, संपलं सगळं.

"सील चांगलं बसलंय," ते म्हणाले.

"फारच चांगलं बसलंय. मला कालच दिसलं होतं, मी बोलले नाही. खरी चूक माझी."

"तुझी कशी? अंडी ठेवायचं कपाट केलं मी, अंडी घालणारीला विसरलो." ते हसले, आणि ते हसू बनावट नव्हतं. "का नाही बोललीस?"

"तुम्ही पुन्हा पेटी ठेवून द्याल म्हणून."

बाबांनी दाराच्या रबरावरून बोट फिरवलं. "सहा महिने झाले, या घरात मला कुणी चुकलं म्हणून म्हणालं नाही. बटण उलटसुलट लावलं तरी छान. दोन पावलं चाललो तरी छान. लहान मुलाचं करतात तसं. चूक काढतात ती कामाच्या माणसाची. बरं केलंस, पोरी." मग लगेच आवाज बदलून म्हणाले, "भोकं कुठे पाडायची ते सांग."

"वर, छपराखाली, दोन्ही बाजूंना. गरम, ओली हवा वर चढते, ती तिथून जाईल. पण झोपल्या असताना अंगावर झोत नको, म्हणून त्यांच्या डोक्यावर वीतभर तरी."

ड्रिल त्यांनी डाव्या हातात धरलं आणि उजवा त्यावर नुसता टेकवला. पहिलं भोक वाकडं पडलं. मुलगी "छान" म्हणणार होती. "तिरकं गेलंय," म्हणाली. दुसरं सरळ आलं. दुपारपर्यंत दोन्ही बाजूंना बारा-बारा भोकं झाली, आतून बारीक जाळी ठोकली गेली. बाबांनी खिशातून कालचीच कागदाची पट्टी काढली, उभी फाडून दोन केल्या. एक भोकांपाशी चिकटवली, एक दांड्याजवळ. दार लावून दोघांनी भोकांच्या जाळीतून डोकावून पाहिलं. वरची फडफडत होती. खालची गप्प होती.

मधली झाडाखालून उठली, पंख झाडले आणि धाकटीच्या चोचीसमोरचा दाणा पळवला.

"आणखी काय चुकलंय?" बाबांनी विचारलं.

मुलीने वही उघडली. तिच्या आधी स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "विचारताच आहात तर ऐका, तुमचा चहा पाणचट असतो."

बाबांनी मुलीकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

"किती दिवसांपासून?"

"पहिल्या दिवसापासून," आई म्हणाली.

"मग दोघी या, उभ्या राहा माझ्यापाशी," बाबा कपडे झाडत उठले, "आणि पावडर किती टाकायची ते दाखवा."