लिटरला सात

अप्पांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गळती शोधण्यात गेली. लोखंडी सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि खालची पाइपलाइन कुठे फुटली आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे घरची तेवीस वर्षांची गाडी लिटरला अकरावरून सातावर आली, तेव्हा त्यांनी बसल्या जागी निकाल दिला. पेट्रोल गळतंय.

लेकीचा निकाल वेगळा होता. तिचं म्हणणं, गाडीनं आता पुरे केलं, विकून टाका. तिच्या ऑफिसातल्या एकाला जुन्या गाड्यांचा नाद होता आणि तो घ्यायला एका पायावर तयार होता. अप्पांची बायको जाऊन सात महिने झाले होते. रोज चार वाजता दोघं त्या गाडीतून भाजी आणायला निघायचे आणि येताना तलावाला एक फेरी मारायचे. आता अप्पा एकटेच जात. पण असलं काही लेकीसमोर बोलणं त्यांना जमणारं नव्हतं. म्हणून ते तावातावानं म्हणाले, "महिनाअखेर दहाच्या वर गेली नाही, तर किल्ली मी स्वतः त्याच्या हातात देईन."

बोलून बसले आणि मग घाम फुटला. लेक दिलेला शब्द विसरणाऱ्यांतली नव्हती. त्या बाबतीत ती बापावर गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी गाडीखाली वर्तमानपत्रं पसरली आणि टाकीला सळई लावून अर्धा तास कान देऊन बसले. पत्र टाकायला आलेल्या पोस्टमननं काळजीनं विचारलं, काही आशा आहे का. संध्याकाळी वर्तमानपत्रं कोरडी ठणठणीत निघाली. पेट्रोलचा एक थेंब नाही, वासही नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच अप्पांना गळती सापडली नाही, आणि नाइलाजानं ते मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये गेले.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. हात सोन्याचा, तोंड फाटकं. त्यानं टायर तपासले, हवा निम्मी होती. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक धरून राहत होता, तो सोडवला. एअर फिल्टर काढून आपटला तर निम्मं गॅरेज धुळीत गेलं. प्लग काढले, ते काजळीनं काळे झालेले. नवे घातले. डिकी उघडली तर आत दोन व्हॉल्व्ह, पाइपचे तुकडे आणि गोणभर जुने नट-बोल्ट. त्यानं विचारलं, रिटायर झालात तेव्हा खातंही बरोबर घेऊन आलात का. एवढं सगळं करून टाकी काठोकाठ भरली आणि आठ दिवसांनी पुन्हा भरून हिशोब केला. लिटरला साडेसात.

मेव्हण्यानं नवे प्लग काढून बघितले. ते पुन्हा काळे. तो बराच वेळ डोकं खाजवत बसला. मग गाडी दोन दिवस स्वतः चालवली, नेहमीच्याच रस्त्यानं, तलावाला फेरीसुद्धा मारली. तेरा.

"गाडी ठणठणीत आहे भाऊजी," तो म्हणाला. "बिघाड तुमच्यात आहे."

अप्पांना राग आला. आयुष्यात कधी गिअर खरखरला नाही की क्लचवर उगाच पाय ठेवला नाही, असं त्यांनी चार लोकांसमोर ऐकवलं आणि गाडी घेऊन निघून आले. महिना संपायला बारा दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी चारला मेव्हणा न सांगता आला. शेजारी बसून अप्पा गाडी चालवतात कशी, ते त्याला बघायचं होतं. अप्पा खाली गाडीत बसलेले होते, इंजिन चालू होतं. आता निघतील, मग हात करून थांबवू, म्हणून तो फाटकापाशी थांबला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. अप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते, मधूनच जिन्याकडे. गाडी जागच्या जागी गुरगुरत होती. अठ्ठावीस मिनिटं झाल्यावर मेव्हण्यानं जाऊन काचेवर टकटक केलं.

"कुणाची वाट बघताय?"

इंजिन तापवतोय, असं सांगायचं अप्पांच्या तोंडावर आलं होतं. पण तोंडातून निघालं, "तुझ्या बहिणीची."

मेव्हण्यानं पुढचं दार उघडलं, पुन्हा लावलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

अप्पा म्हणाले की गाडी घेतल्यापासूनचं हे असंच आहे. ते आधी खाली येऊन गाडी चालू करायचे आणि तिची वाट बघत बसायचे. ती कधी पाच मिनिटं लावायची, कधी दहा. वर काय करत बसायची देव जाणे. यावरून रोज तलावापर्यंत भांडण व्हायचं.

"तेव्हा ती आली की निघायचो," ते म्हणाले. "आता निघायचं कधी, ते कळत नाही."

मेव्हण्यानं हातातल्या फडक्यानं नाक पुसलं. फडकं ग्रीसचं होतं, त्यामुळे पुढचं सगळं बोलणं त्यानं काळ्या नाकानं केलं. "आधी गाडी बंद करा," तो म्हणाला. अप्पांनी बंद केली. "वाट बघायची तर बघा, मी कोण सांगणार? पण वर घरात बघा. निघायची वेळ झाली असं वाटलं, की मगच खाली उतरा."

अप्पांना ते पटलं नाही. वर कसली वाट बघायची? वर तर ती असायची. पण महिनाअखेर समोर दिसत होती.

दुसऱ्या दिवशी चारला ते बूट घालून, किल्ली हातात घेऊन खुर्चीत बसले. बसून बसून करणार काय, म्हणून इकडे तिकडे बघायला लागले. मागच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. उठून लावली, कडी नीट बसेना म्हणून दोनदा लावली. मग दुसरी. स्वयंपाकघरात गॅसचं बटण चालूच राहिलं होतं, ते बंद केलं. नळ टपटपत होता. सगळ्या गावाच्या गळत्या शोधल्या आणि स्वतःच्या मोरीतली सात महिने ऐकू आली नव्हती. तो आवळला. वाळत घातलेले कपडे आत घेतले, घड्या घालाव्यात असं वाटलं, दोन घातल्या. पिशवी घेतली. कुलूप लावून जिना उतरले आणि निम्म्यात लक्षात आलं की चष्मा वरच राहिला. पुन्हा चढून आले. गाडीत बसले तेव्हा बावीस मिनिटं गेली होती.

"पाच मिनिटांत करायची की ती हे सगळं," ते मोठ्यानं म्हणाले, आणि गाडी चालू करून लगेच निघाले.

मग रोज तसंच. आठवडाभरात ते चौदा मिनिटांवर आले, त्याखाली काही जाता आलं नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी लेक पंपावर बरोबर आली. टाकी काठोकाठ भरली. तिनं फोनवर भागाकार केला, विश्वास बसेना म्हणून पुन्हा केला. साडेबारा.

"मामानं बदललं तरी काय?" तिनं विचारलं.

"काही नाही. मी हल्ली जरा उशिरा खाली उतरतो."

लेकीनं त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. मग बाजूला जाऊन ऑफिसातल्या माणसाला फोन लावला. तो हट्टालाच पेटला असावा, कारण तिला तीन वेळा नाही म्हणावं लागलं, आणि तिसऱ्या वेळी आवाज चढला. तोवर अप्पांनी गाडी पंपाच्या कोपऱ्यात नेली आणि चारी चाकांत हवा भरायला सांगितली.