बाकी आठ

"तोंड सांभाळून बोल, ताई! बाबा काय जुना सोफा आहेत, उचलून दुसरीकडे नेऊन टाकायला?"

"हळू बोल, सतरा. काल गॅस चालू ठेवून फिरायला निघाले होते. मी नोकरी सोडू का तू दुकान सोडतोस? एकदा हो म्हण, त्या वृद्धांच्या संस्थेत फोन करते."

"कुणाला ओळखत नाहीत म्हणतेस ना? घराचा आकडा विचारतो. फोडून दाखवला, तर बाबा कुठेही जाणार नाहीत."

सतरा हे नाव बाबांनीच ठेवलेलं. जन्मभर वजनकाट्यावर ट्रकचे नंबर टिपता टिपता त्यांना आकडे फोडायचं, म्हणजे त्यांचे मूळ अवयव पाडायचं, वेड लागलं. घरातल्या प्रत्येकाला त्यांनी एकेक मूळ संख्या वाटून टाकली. आजोबा दोन, आजी तीन, स्वतः पाच, आई सात, काका अकरा, ताई तेरा. सगळ्यांचा गुणाकार तीस हजार तीस. मग खूप उशिरा हे शेंडेफळ टपकलं आणि आकडा सतरापट झाला. पाच लाख दहा हजार पाचशे दहा. "आमच्यातल्या कुणानंही भागा, बाकी शून्य," बाबा येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे. पोरगं नववीत शाळा सोडून पंक्चरच्या दुकानात बसलं, तेव्हा बाबा खूप भडकले, पण आकडा काही बदलला नाही.

आता त्या सातांतले तिघंच उरले होते.

बाबा खिडकीपाशी शर्टाचं बटण चाळवत बसलेले. सतरा त्यांच्यासमोर उकिडवा बसला. नखांत ग्रीस तसंच.

"बाबा, पाच लाख दहा हजार पाचशे दहा. फोडा."

बाबांचे डोळे एकदम चमकले. "दोन. तीन. पाच. सात. अकरा. तेरा."

सतरानं ताईकडे बघून भुवया उडवल्या. "पुढे?"

"पुढे काय? झालं. तीस हजार तीस."

"अहो, मी सांगितलेला आकडा मोठा होता!"

"तो आमचा नाही. आमचा तीस हजार तीस. आमची तेरा शाळेत गेलीय, येईलच आता."

तेरा दारातच उभी होती. तिनं ओढणी तोंडावर दाबली.

सतराचा आवाज चढला. "सतरानं भागून बघा! एकदा बघा ना!"

बाबांनी डोळे मिटले. ओठ हलले. गणित कुठेही अडलं नाही.

"बाकी आठ उरते. नाही जात भाग." मग त्याच्या काळ्या हातांकडे बघून ते मायेनं म्हणाले, "दमलेले दिसता. तुम्ही कुणाकडे आलात?"

त्याला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. त्यानं बाबांचं चुकीच्या काजात गेलेलं बटण सोडवून नीट लावलं आणि उठला.

"कर फोन," ताईकडे न बघता तो म्हणाला. "मी निघतो. दुकानात गिऱ्हाईक थांबलंय."