गुणाजीच्या नाकाशी अकरा वर्षं

मी एक जुना ग्लास आहे मित्रांनो, पण पाणी प्यायचा नव्हे. माझं पोट फुगीर, तोंड अरुंद आणि बूड जाड. आत ओतलेल्या गोष्टीचा वास पोटात साठावा आणि वर येताना एकवटून थेट नाकात जावा, यासाठी मला असं घडवलं आहे. म्हणून माझा संबंध ओठांपेक्षा नाकाशी जास्त आला. माझ्यात स्कॉच ओतली जात असे, त्यामुळे ही गोष्ट मोठ्यांची आहे. पण धाकट्यांनीही ऐकायला हरकत नाही, कारण ती दारूपेक्षा एका माणसाच्या नाकाची जास्त आहे.

वितळलेल्या काचेचा एक गोळा साच्यात पडला आणि मी जन्मलो. त्या वेळी माझ्या बुडात हवेचा एक बारीक बुडबुडा अडकला. खरं तर तो दोष होता. तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटलो आणि पाच भावंडांबरोबर खोक्यात बसून स्कॉटलंडमधल्या एका दुकानात पोचलो. तिथून आम्हाला हरेशने उचललं. हरेश पेणचा. मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. त्याची ती शेवटची सफर होती. आम्ही इंजिनरूमच्या कपाटात, त्याच्या लोकरी मोज्यांत गुंडाळलेले, समुद्र ओलांडून पेणला आलो.

हरेशचा जिवलग मित्र म्हणजे रोह्याचा गुणाजी. दोघं पेणला एका बाकावर शिकले. पुढे एक समुद्रावर गेला आणि दुसरा रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत लागला. घरची भाताची आणि वालाची शेती सांभाळून तो हळूहळू शिफ्ट इन्चार्ज झाला. पहिल्याच बैठकीत त्याने सहा ग्लास उजेडात धरून पाहिले आणि मला निवडलं.

"ह्यो बुडबुडेवाला माझा," तो म्हणाला.

दोष होता, म्हणून मी कुणाचा तरी झालो.

त्यांची बैठक वर्षातून तीन-चारदाच भरे, तीही रविवारी सकाळी अकराला, हरेशच्या गॅलरीत. जेवणाआधी नाक ताजं असतं, असं हरेशचं म्हणणं. त्याची बायको नम्रता स्वयंपाकघरात प्रत्येकाच्या तीन ग्लासांत तीन व्हिस्क्या दोन-दोन चमचे ओतून ट्रे आणून ठेवायची. पेणचे पोह्याचे पापड तळलेले असायचे, पण ते सगळं संपल्यावर. आधी तळणाचा वास घरात नको.

हरेशला वेड होतं ते एकाच प्रकाराचं. ते त्याने पहिल्या दिवशी समजावून सांगितलं होतं. "ही माल्ट व्हिस्की आधी दहा-बारा वर्षं साध्या ओकच्या पिंपात मुरते. मग शेवटचे काही महिने तिला दुसऱ्या पिंपात हलवतात. त्या पिंपात आधी शेरी असते, नाहीतर पोर्ट, नाहीतर मडेरा. म्हणजे ब्रँडी घालून कडक केलेली वाईन. ती काढून घेतली तरी लाकडात मुरलेली असते. ती आता या व्हिस्कीत उतरते."

गुणाजीने क्षणभर विचार केला. "म्हंजे लोणच्याची बरणी रिकामी केली नि तिच्यात मीठ भरून ठेवलं. मिठाला लोणच्याचा वास लागनारच."

"अगदी तेच!" हरेश मांडीवर थाप मारून हसला.

आणि मित्रांनो, काय नाक होतं त्या माणसाचं! तो मला तोंडाशी धरून तीन छोटे श्वास घ्यायचा. पहिला लांबून, दुसरा जवळून, तिसरा तोंड किंचित उघडून. मग डोळे मिटून बोलायचा. पोर्टच्या पिंपातली असली की "करवंदं. काळी, जरा जास्त पिकलेली." मडेराची असली की "साखर करपवलेय कुनीतरी, नि वर संत्र्याची साल किसलेय." एकदा धुराच्या वासाची एक आली. बेटावरच्या दलदलीतली माती जाळून तिच्या धुरावर धान्य सुकवलेली, आणि शेवटी शेरीच्या पिंपात ठेवलेली. ती त्याने इतक्या वेळा हुंगली की नम्रता दारात येऊन उभी राहिली. "पोपटीचं मडकं उघडलंय," तो म्हणाला, म्हणजे शेतात जाळात ठेवून शेंगा भाजतात ते मडकं. "भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, नि खाली मातीचा धूर. फक्त कुनीतरी त्यात मनुका टाकल्यात." जगभरातल्या तज्ज्ञांनी त्या बाटलीबद्दल काय लिहिलं असेल ते असो. मला तरी याहून खरं काही ऐकल्याचं आठवत नाही.

कंपनीतही त्याच्या नाकाचं नाव होतं. वायू मोजणाऱ्या मीटरचा आवाज होण्याआधी त्याने दोन वेळा व्हॉल्व्हची गळती पकडली होती. नवे कामगार त्याला "नाकवाले साहेब" म्हणत. तो लाजायचा, पण ते सांगताना मला हातात जरा घट्ट धरायचा.

अशी आठ वर्षं गेली. नवव्या वर्षीच्या एका बैठकीत मला काहीतरी वेगळं जाणवलं. गुणाजीचा श्वास बदलला होता. पूर्वीचे तीन छोटे श्वास गेले. आता तो एकच लांब श्वास ओढायचा, खोल, जोर लावून. अंधारात हात पुढे करून भिंत शोधावी तसा. शोधून झाल्यावर तो बोलायचा मात्र पूर्वीसारखंच. करवंदं, करपलेली साखर, पोपटीचं मडकं. हरेश मान डोलवायचा. मला कळत होतं, पण काचेला सांगता येत नाही.

मग एका रविवारी हरेशने नेहमीच्या तीन बाटल्या काढल्या होत्या. आधी पोर्ट, मग मडेरा, शेवटी धुराची शेरीवाली. हा क्रम ठरलेला. तिन्हींचा रंग कोऱ्या चहासारखा, डोळ्यांना फरक कळू नये इतका जवळचा. नम्रता ट्रे घेऊन आली, पण गॅलरीत खुर्च्या हलवलेल्या होत्या, म्हणून तिने ट्रे फिरवून ठेवला. त्यामुळे गुणाजीच्या डाव्या हाताला पहिला आलो मी, आणि माझ्यात होती धुराची.

त्याने मला उचललं, लांब श्वास ओढला, डोळे मिटले.

"करवंदं," तो म्हणाला. "काळी. पोर्ट हाय ही."

हरेश हसला. "कर, मस्करी कर."

"मस्करी काय? पोर्टच हाय."

हरेशने त्याच्या हातातून मला घेतलं आणि नाकाशी नेलं. माझ्यातून धुराचा लोट उठत होता. हे झाकण्यासारखं नव्हतंच. नम्रताला तर दारापर्यंत वास येत होता. हरेशने मला हळूच खाली ठेवलं.

"गुणाजी, कधीपासून?"

त्याने पुढचा ग्लास उचलला आणि परत ठेवला. मग म्हणाला, "आठ महिने झाले. ताप आला व्हता ना, तेव्हापासून. काय म्हंजे काय येत नाय. माश्याचं कालवन नि गरम पानी, दोन्ही सारखंच."

"हौसावहिनींना?"

"तिला नाय सांगितलं. कुनालाच नाय."

"आणि कंपनीत?"

"मीटर हायत कंपनीत."

"मीटर होतेच की तेव्हाही, तू दोनदा गळती पकडलीस तेव्हा!" हरेशचा आवाज चढला. "अरे, तुझ्या भरवशावर वीस माणसं आत जातात. साहेबांनी वास घेतला, काही नाही म्हणाले, म्हणून जातात ती!"

"रिटायर व्हायला माझी दोन वर्षं राहिलीत रे. त्या नाकावर नाव हाय माझं तिथं. सांगितलं तर उद्यापासून मी कोन?"

"तू सांग. नाहीतर मी येऊन सांगतो."

गुणाजी उठला. चप्पल घालताना त्याने दाराची चौकट धरली. "चाळीस वर्षांची दोस्ती हाय आपली," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. नम्रता "भावोजी, जेवून तरी जा" म्हणत गॅलरीच्या कठड्यापर्यंत आली, पण त्याने वर पाहिलं नाही.

माझ्यातली व्हिस्की कुणी प्यायली नाही. नम्रताने मला विसळून कपाटात ठेवलं आणि दार लावलं.

पुढचे पाच महिने मी तिथेच होतो, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. कपाटाबाहेरून हरेशच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. एकदा तो फोनवर नंबर लावून न बोलताच बसला, हे नम्रताच्या बोलण्यावरून कळलं. "जाऊन या ना रोह्याला," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना धमकी दिलीत. काळजी होती हे कुठे सांगितलंत?" हरेश म्हणाला, "काळजीच होती ती." ती म्हणाली, "मला माहितेय. त्यांना कुठे माहितेय?"

मग एका सकाळी दाराची बेल वाजली आणि मला ओळखीचा आवाज ऐकू आला. गुणाजी, आणि त्याच्याबरोबर त्याची बायको हौसा. रोह्याहून पहिल्या गाडीने आले होते.

"बोलायचं तिनंच ठरवलंय," गुणाजी म्हणाला. "मी नुसता आलोय."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला नाही, म्हणजे हौसा बसली नाही. उभ्याउभ्याच सांगत होती. "भावोजी, परवा दुपारी मी वावरात वालाच्या शेंगा तोडत व्हते. घरी आले तर दारातच उग्र वास. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, नि गॅस चालूच. आनि हे आत बसून पेपर वाचतात! मी वरडले, अवो, घरभर गॅस पसरलाय! तर हे विचारतात, कुठं? आमची नात बाजूच्या खोलीत झोपलेली व्हती. लाइटचं बटन नाय दाबलं कुनी, म्हनून वाचलो."



"काल मी कंपनीत सांगितलं," गुणाजी म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की कपाटात मला कान टवकारावे लागले. "आठ महिने नि वर हे पाच. सगळं सांगितलं. मॅनेजरनं आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हनाला, तुम्ही आत नका जाऊ. नवीन पोरांना शिकवा, कुठला वास आला की काय करायचं ते." तो थांबला. "वास येत नसनारा मानूस वासाचं शिकवनार. हस की लेका."

हरेश हसला नाही. उठून त्याने कपाट उघडलं आणि वर्तमानपत्र सोडवून मला गुणाजीच्या हातात दिलं. "हा घेऊन जा. तुझाच आहे. आणि माझं त्या दिवशी चुकलं. तुझ्याबरोबर येतो म्हणायला हवं होतं मी."

असा मी रोह्याला आलो. निघण्यापूर्वी दाखवलं त्या पेणच्या डॉक्टरने सांगितलं होतं, रोज चार ठरावीक वास हुंगायचे, मन लावून, महिनोन्‌महिने. नाक परत शिकेल, कदाचित नाही शिकणार. माझ्यात स्कॉचऐवजी आता रोज सकाळी एकामागून एक लवंग, लिंबाची साल, गुलाबाच्या पाकळ्या आणि कापसावर निलगिरीच्या तेलाचा थेंब पडू लागला. हौसा मला त्याच्या नाकाशी धरायची.

"काय हाय सांगा."

"काय नाय गो."

"आठवा तरी. लवंग कशी असते?"

तो आठवायचा. मी त्याचा तो लांब श्वास झेलायचो. चार महिने हेच चाललं. किती सकाळी त्याने मला बाजूला सारलं आणि किती सकाळी हौसाने परत पुढे केलं, मोजलं नाही. खरं सांगतो, माझ्या आयुष्यातली कौतुकाची वर्षं पेणच्या गॅलरीतली. पण मी कामाला आलो ते रोह्याच्या या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर.

एका सकाळी हौसा घाईत होती. तिने मला भांड्यांच्या साबणाने धुतलं आणि नीट न विसळताच लवंग टाकली. गुणाजीने श्वास ओढला. थांबला. पुन्हा ओढला, या वेळी छोटा.

"गो, ह्याला साबनाचा वास येतोय!"

"मेला साबन," हौसा म्हणाली. "आना इकडं, परत धुते." आणि मग ती जागच्या जागी उभी राहिली. "काय म्हनालाव?"

दोघं मला मधे धरून तसेच उभे होते. दोघांचीही बोटं माझ्यावर होती.

सगळं काही परत आलं नाही. काही वास आले, काही अर्धे आले, काही चुकीचे आले. कॉफी त्याला अजून जळलेल्या रबरासारखी लागते. कंपनीत तो आत जात नाही. पोरांना शिकवतो, आणि पहिल्याच तासाला सांगतो, आपलं नाक गेल्याचं आपण तेरा महिने लपवलं होतं.

गेल्या महिन्यात हरेश आणि नम्रता रोह्याला आले. रविवार, सकाळचे अकरा. पडवीत चटई टाकलेली. हरेशने एकच बाटली आणली होती, मडेराच्या पिंपातली. नम्रताने माझ्यात दोन चमचे ओतले. गुणाजीने तीन श्वास घेतले, डोळे मिटले. हरेश त्याच्याकडे बघत होता, नम्रता बघत होती, हौसा दारापाशी हात पुसत उभी होती. पूर्वीसारखं काहीतरी सुंदर सांगणं त्याला सहज जमलं असतं. मडेरा कशी असते हे त्याला पाठ होतं.

"गोड हाय काहीतरी," तो म्हणाला. "काय ते नाय सांगता येत."

हरेशने नुसती मान हलवली. काय असायला हवं ते त्याने सांगितलं नाही. गुणाजीने मग एक घोट घेतला आणि मला सावकाश खाली ठेवलं.

मित्रांनो, मला जपून हाताळा एवढं तुम्हाला सांगायची गरज नाही. पण तुमच्या घरात, तुमच्या शेजारी कुणीतरी असेल, ज्याचं काहीतरी हळूच गेलं आहे आणि जो रोज पाठ केलेली उत्तरं देतो आहे. त्याला विचारा. आणि तो "मला नाही कळत" असं म्हणाला, तर त्याच्या शेजारी बसून राहा.