सव्वा इंच सैल

बायको गेल्यावर मला जुनी गाडी चालवता येईना. ती क्रूझर होती. लांब, जड, मागे रुंद सीट आणि टेकायला पाठ. ती पाठ मी बायकोसाठी मुद्दाम बसवून घेतली होती, कारण तिची कंबर दुखायची. ती गेली तरी गतिरोधक दिसला की माझा हात आपोआप ब्रेकवर जायचा आणि गाडी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायची. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. एकदा सिग्नलला एक जण शेजारी येऊन म्हणाला, "काका, मागे अंडी ठेवलीत का?" मी मागे वळून बघितलं. सीट रिकामी होती. घरी पोचेपर्यंत मी ठरवून टाकलं की ही गाडी आता नको.

तिच्या बदल्यात मी स्पोर्ट्सबाइक घेतली. वापरलेलीच, पण चांगल्या हातातली. पुढे वाकून बसायची. मागची सीट आधीच्या मालकाने काढून तिथे प्लास्टिकचं टोपण बसवलं होतं. एका माणसाची गाडी. मला तेच हवं होतं.

गाडी घरी आणली तेव्हा सासूबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. मी त्यांना आईच म्हणतो. मुलीच्या आजारपणात त्या आमच्याकडे आल्या आणि ती गेल्यावरही राहिल्या. म्हणजे मी जा म्हटलं नाही आणि त्या जाते म्हणाल्या नाहीत. दोघांचा स्वयंपाक त्या करायच्या, भांडी मी घासायचो, आणि टीव्हीवर बातम्या लागल्या की दोघं मिळून कुणाला तरी नावं ठेवायचो. तेवढं बोलणं पुरत होतं.

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"हिच्यावर दुसरं माणूस कुठे बसतं?"

"नाही बसत, आई. एकट्याचीच आहे."

"असं होय," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला मेहुण्याचा फोन आला. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असतो, त्यामुळे एका कानाला फोन आणि समोर खोकणारं गिऱ्हाईक अशी अवस्था होती.

"भावोजी, आईचा फोन होता. म्हणते, मला घेऊन जा. रविवारी सकाळी येतो. चालेल ना?"

"चालेल की," मी म्हणालो.

दुसरं काय म्हणणार? आई त्याची. मुलगीच राहिली नाही तर जावयाच्या घरात त्यांनी का राहावं, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. तरीही त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. राहा म्हणायचं होतं. पण राहा म्हणायला काहीतरी नातं लागतं, आणि आमचं नातं जिच्यामुळे होतं ती आता नव्हती. रोज रात्री जेवताना मी तोंड उघडायचो आणि मीठ मागायचो.

त्यात नव्या गाडीची चेन कुरकुरायला लागली.

क्रूझर पट्ट्यावर चालायची. त्या पट्ट्याला ना तेल लागायचं ना पाणी. मी इतकी वर्षं गाडी चालवली, पण तिच्या पोटात काय आहे ते मला माहीत नव्हतं. अधूनमधून गॅरेजवाल्याकडे सोडायची आणि संध्याकाळी आणायची. या गॅरेजवाल्याला सगळे पाना म्हणतात. खरं नाव बहुतेक त्याच्या बायकोलाच माहीत असावं. चेनचा आवाज ऐकून पाना खाली बसला, चेनला बोट लावलं आणि ते बोट मला दाखवलं. काळं आणि खरखरीत.

"काका, ही साफ कधी केलीत?"

"करायची असते?"

पानाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दात घासायचे असतात का असं विचारलंय.

"तुमची आधीची गाडी म्हणजे सोफा होता. बसलं की झालं. हिचं तसं नाही. हिला सारखं काय हवं-नको बघावं लागतं. आता दर आठवड्याला माझ्याकडे येणार का? मला कंटाळा येईल तुमचा. त्यापेक्षा शिका."

मग त्याने शिकवलं. ब्रशने चेन घासायची, फडक्याने कोरडी करायची, मग तेल. तेही गाडी फिरवून आणल्यावर, चेन कोमट असताना.

"जेवणानंतर," मी म्हणालो.

"काय?"

"काही नाही. आमच्या दुकानात असंच सांगतो."

"हां, जेवणानंतरच. आणि इंजिन बंद ठेवून. फिरत्या चाकात फडकं घालणारे दोघे आहेत माझ्या ओळखीत. दोघांची मिळून हाताची बोटं वीस भरत नाहीत."

मी म्हणालो, मनगटं पण दुखतात. तो म्हणाला, दुखणारच, तुम्ही हँडलवर लोंबकळता. गुडघ्यांनी टाकी धरायची, हात हलके ठेवायचे. मग टायरची हवा कशी बघायची, ब्रेकचं तेल कुठवर असलं पाहिजे, हे दाखवलं. शेवटी चेनच्या खालच्या बाजूला बोट लावून वर-खाली हलवली.

"एवढी सैल हवी. सव्वा इंच. आणि हे मोजायचं गाडी जमिनीवर असताना, वर माणूस बसवून. स्टँडवर नाही. काय?"

"हो," मी म्हणालो. मी रविवारचा विचार करत होतो.

मागचं चाक उचलायचा लोखंडी स्टँड त्याने मला वापरायला दिला. "गाडी धरायला कुणाला तरी घ्या बरं का," असंही म्हणाला.

रविवारी उठलो तर आईंची बॅग दाराशी होती. मला त्या बॅगेसमोर चहा पिता येईना. मी गाडीवर एक चक्कर मारून आलो आणि खाली पार्किंगमध्ये चेनचं काम काढून बसलो. घासली, पुसली, तेल दिलं. मग चाक उचलायला स्टँड लावायला गेलो. एका हाताने गाडी सरळ धरायची आणि दुसऱ्या हाताने स्टँडचा दांडा दाबायचा. गाडी डावीकडे झुकली, मी डावीकडे झुकलो. मग ती उजवीकडे.

"अहो, थांबा! पडेल ती! आणि तुम्ही पण!" वरून खिडकीतून आवाज आला.

आई खाली आल्या. जायची चांगली साडी नेसलेल्या, त्यावर स्वयंपाकाचा जुना टॉवेल गुंडाळलेला.

"मी काय धरू?"

"हँडल. दोन्ही हातांनी. नुसती सरळ ठेवा, जोर नका लावू."

"माझ्यात कुठला आलाय जोर."

पण धरली त्यांनी. मी दांडा दाबला आणि चाक उचललं गेलं. त्या बघायला मागे आल्या आणि चाकाला हाताने एक फेरा दिला. चेन खालच्या बाजूला लोंबत होती. मला ते लोंबणं काही बरं वाटेना. सैल म्हणजे बिघडलेलं, असंच वाटतं माणसाला. मी मागच्या चाकाचा मोठा नट सैल केला, दोन्ही बाजूंचे ताणाचे स्क्रू फिरवले आणि चेन छान ताठ केली.

"दोन्हीकडे सारखं फिरवलंत ना?" आईंनी विचारलं. "नाहीतर चाक तिरकं जाईल."

"तुम्हाला काय माहीत?"

"आयुष्यभर शिलाई मशीन चालवलंय, जावईबुवा. शाळेचे गणवेश शिवलेत. तुमच्या बायकोची फी त्यातूनच गेली."

गाडी खाली घेतली आणि मी वर बसलो. माझ्या वजनाने गाडी मागे दबली. आई खाली वाकल्या आणि चेनला बोट लावलं.

"ही हलतच नाही हो."

"हलत नाही म्हणजे?"

"तारेसारखी झालीय. अशी चालवाल तर काहीतरी तुटेल. मशीनचा पट्टा एवढा ताणला की मशीन जड चालायचं, पायाचे तुकडे पडायचे."

तेव्हा मला पानाचं वाक्य आठवलं. वर माणूस बसवून. स्टँडवर नाही. मी कपाळाला हात लावला, तेही तेलाच्या हाताने. आई हसल्या. मुलगी गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्या वर गेल्या आणि त्यांची शिवणकामाची टेप घेऊन आल्या. बॅगेत तळाशी होती म्हणे. सगळी बॅग उपसावी लागली.

मग आमचं काम असं चाललं. स्टँडवर चढवायची, स्क्रू थोडे सैल करायचे, खाली घ्यायची, मी वर बसायचं, आईंनी बुटक्या स्टुलावर बसून टेप लावायची.

"पाऊण इंच."

पुन्हा तेच.

"एक. अजून द्या."

मी वर बसलेलो, तोंड पुढे भिंतीकडे. त्या माझ्या मागे, खाली. एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. कदाचित म्हणूनच त्या बोलल्या.

"मी गेल्यावर हँडल कोण धरणार?"

मी म्हणालो, "बघू कुणीतरी."

"एकट्याची गाडी घेतलीत, आणि काम सगळं दोघांचं."

"मला कुठे माहीत होतं?"

त्यांनी टेप पुन्हा लावली. मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, एकट्याचीच आहे. मला वाटलं, मलाच सांगताय."

"काय सांगतोय?"

"की आता जागा नाही. आधीच्या गाडीवर मागे बसवून मला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचात. ती विकलीत. म्हटलं, शहाण्या माणसाने समजून घ्यावं. तोंडाने म्हणायची वेळ कशाला आणायची."

मला वळून बघायचं होतं, पण वळलो तर गाडी हलली असती.

"आई, मागे ती बसत नाही म्हणून विकली. तुमचा विचार... तुमचा विचारच आला नाही माझ्या मनात."

"तेही काही फार चांगलं नाही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात फाटकातून मेहुण्याची गाडी आली. तो उतरला. चांगला माणूस आहे. बहीण गेली तेव्हा माझ्यापेक्षा जास्त तोच रडला होता. त्याने आम्हाला पाहिलं. मी कपाळाला काळं फासून गाडीवर बसलेला, आणि आई चांगल्या साडीत चाकाशी.

"हे काय चाललंय?"

"आलास? बस जरा," आई म्हणाल्या. "अजून पाव इंच राहिलंय."

"आई, ऊन व्हायच्या आत निघायचंय. मुलांनी तुझी खोली लावून ठेवलीय. पडदेसुद्धा बदललेत."

मुलांचं आणि पडद्यांचं ऐकून माझी जीभ आणखीच जड झाली. त्याचं काही चुकत नव्हतं. पण आता नाही तर कधीच नाही, हेही कळत होतं. मी गाडीवरून उतरलो.

"आई, तुम्ही जाऊ नका," मी म्हणालो.

मेहुणा आईंकडे बघायला लागला. आई टेप गुंडाळायला लागल्या.

"का?" त्यांनी विचारलं. "हँडल धरायला?"

"हँडल कुणीही धरेल. पाना पण धरेल." मला पुढचं नीट सुचेना. "दुकानातून येतो तेव्हा माझ्या खिशात किल्ली असते. तरी मी बेल वाजवतो. तुमच्या चपलांचा आवाज येतो, मग दार उघडतं. मला तो आवाज लागतो, आई. तुम्हाला तिकडे बरं वाटणार असेल तर जा. पण जागा नाही असं समजून नका जाऊ."

आईंनी टॉवेलच्या टोकाने डोळे पुसले आणि गालावर तेल लावून घेतलं.

"आई, तुझ्या मनात काय आहे ते सांग," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज जरा दुखावलेला होता. "पोरं वाट बघतायत."

"पोरांकडे मी येणारच आहे. आज निघते, त्यांना भेटते. चार दिवस राहून पडद्यांचं कौतुक करते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि मग इकडे येते. पण जावईबुवा, डॉक्टरकडे कसं नेणार ते तुम्ही ठरवा. ह्या टोपणावर मी बसणार नाही."

"बसने जाऊ. मी येईन बरोबर."

"तिकीट काढून मला पुढे बसवाल आणि तुम्ही मागे बसाल. ओळखते मी तुम्हाला."

"शेजारी बसेन."

"बरं. आता तो पाव इंच करा. अर्धं काम टाकून मी कुठे जात नाही."

मेहुण्याने सुस्कारा टाकला आणि घड्याळ काढून जिन्याच्या कठड्यावर ठेवलं. तो गाडीवर बसला, कारण माझ्यापेक्षा त्याचं वजन जास्त आहे असं आईंचं म्हणणं पडलं. मी म्हणालो, वजन चालवणाऱ्याचंच घ्यायला हवं. मग आमची अदलाबदल झाली. मेहुण्याने स्क्रू फिरवले, दोन्हीकडे सारखे, मी वर बसलो आणि आईंनी टेप लावली.

"सव्वा," त्या म्हणाल्या. "बरोब्बर सव्वा."

मी उतरलो आणि हातात लोखंडी पाना घेऊन मागचा मोठा नट आवळायला बसलो. कुणी माझ्याकडे बघू नये म्हणून मान खाली घातली होती. आवळत राहिलो, नट कुरकुरला तरी.

मेहुणा माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि त्याने पान्यावर हात ठेवला.

"भावोजी, पुरे," तो हळू म्हणाला. "झालाय तो घट्ट."