‘लागली’ म्हणायला काय जातं?

बोलतोय तो मीच. वर बघा, माळ्यावर, चाक मोडक्या सुटकेसच्या मागे, काळ्या पिशवीत कोंबलेला झगा. जंगलात लपून बंदुकांचा खेळ खेळायचा, सुतळ्या लोंबणारा, हिरवा-मातकट झगा. पिशवीतून डोकावलो तर लोकांना वाटतं, कुणीतरी जुने झाडू भरून ठेवलेत. वाटू दे. गोड बोलायची मला सवय नाही. माझ्या मालकावर माझा राग आहे आणि आज तो मी सगळा बाहेर काढणार आहे.

मूळचा मी व्हॉलीबॉलची फाटकी जाळी. मालकाच्या बायकोने ती जेवणाच्या टेबलावर पसरली, गोणपाट उसवून सुतळ्या काढल्या, कपड्यांच्या बादलीत रंगवल्या आणि तीन आठवडे एकेक सुतळी गाठ मारून जाळीला बांधली. त्या बादलीपायी घरातले टॉवेल कायमचे हिरवट झाले. शेवटची गाठ मारून ती बोटं चोळत नवऱ्याला म्हणाली, "घरात तोंडातून शब्द काढत नाहीस, ते कमी पडतं म्हणून आता जंगलात जाऊन गप्प बसणार?"

"खेळ आहे तो," मालक म्हणाला. त्या दिवसातलं हे त्याचं सगळ्यात लांब वाक्य.

मालकाचा धंदा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, हा मागच्या खोलीत एकटा बसून मेणात दात बसवतो, घासतो, चमकवतो. दिवसभर लोकांच्या जबड्यांशी खेळतो, पण स्वतःचा जबडा हलवायचा म्हटलं की याच्या जिवावर येतं. अशा माणसाला सुट्टीच्या दिवशी पोटावर सरपटायला जंगल मिळालं, मग काय विचारता!

खेळ सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दोन गट, खेळण्यातल्या बंदुका, त्यात मटारापेक्षा लहान प्लास्टिकच्या गोळ्या. डोळ्यांवर जाड चष्मा, तोंडावर जाळी. गोळी अंगावर आपटते आणि खाली पडते. डाग नाही, खूण नाही. म्हणून ज्याला लागली त्याने स्वतः हात वर करायचा, "लागली!" म्हणून ओरडायचं आणि मुकाट्याने तळावर येऊन बसायचं. दुसऱ्याने "तुला लागली" असं म्हणायचं नाही. म्हटलंच, तर पंच त्यालाच दिवसभर बाहेर बसवतात. लोक एकमेकांच्या अंगावरच्या गोळ्या मोजायला लागले तर खेळाचं वाटोळं होईल, असं पंचांचं म्हणणं. मला ते पटायचं.

मालक खेळायचा मात्र झकास, हे मी नाकारणार नाही. नावाला गटात, बाकी एकटा. पडलेल्या झाडाच्या आडोशाला दोन-दोन तास पडून राहायचा. मुंग्या हातावरून वरात काढायच्या, पण गडी हलायचा नाही. जिथे लपायचा तिथलीच डहाळी तोडून माझ्या गाठींत खोचायचा. समोरून कुणी गेला की एकच गोळी, आणि पुन्हा सरपटत दुसरीकडे. लोकांनी त्याचं नाव ‘झुडूप’ ठेवलं. अकरा डाव झाले, झुडपाला एकदाही लागली नव्हती. नवीन आलेल्यांना हे कौतुकाने सांगितलं जायचं. मालक ऐकलं न ऐकल्यासारखं करायचा, पण त्याची छाती फुगायची. मी त्याच छातीवर होतो, मला कळत नसेल होय?

त्याचा धाकटा भाऊही खेळायला यायचा. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे पाचव्या मजल्यावरून तळमजल्यावर ओरडायची सवय. त्याचं नाव पडलं ‘भोंगा’. दर डावात पहिला मरायचा हाच. दहा मिनिटांत "लागली रे, लागली!" करत, हसत तळावर हजर. एकदा तो मालकाला म्हणाला, "दादा, मलाही शिकव ना तुझं ते सरपटणं."

"तुला जमणार नाही," मालक म्हणाला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. भाऊ हसला खरा, पण ते हसू उसनं होतं.

मग आला बारावा डाव. भाऊ समोरच्या गटात. मालक एका कोरड्या ओढ्यात, वेलींच्या गुंत्याखाली पडून होता. वारा नाही, पाखरू नाही. आणि अचानक माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, टप्प! लगेच त्याच्या खाली दुसरी, टप्प! मालकाची पाठ दचकली, तोंडावरच्या जाळीत "आ" असा आवाज घुसमटला. मी वाट बघत राहिलो. आता हात वर जाईल, मग जाईल. हात मातीत रुतलेलाच राहिला.

मागे दहा पावलांवर भाऊ उठून उभा राहिला. दोन्ही कोपरं सोललेली, केसांत चिखल, आणि चेहरा असा उजळलेला की काय सांगू! "दादा! जमलं रे मला! पावणेदोन तास सरपटत आलोय. महिनाभर रोज पहाटे मैदानावर सराव केला, कुणाला सांगितलं नाही. तुझ्या कानाला तरी कळलं का?"

मालक उठला. "काय जमलं?"

"लागली ना तुला!"

"नाही लागली."

भाऊ आधी हसला. त्याला थट्टा वाटली. मग त्याचा आवाज चढला, "दादा, दोन लागल्या, पाठीत. मी बघितल्यात." आवाज ऐकून पंच आले. पंच एरवी शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची कुणाची टाप नाही. त्यांनी मालकाला विचारलं, "झुडूप, लागली?"

आता तरी! मी सगळ्या सुतळ्यांनिशी त्याला टोचत होतो. म्हण ना, मेल्या! एक शब्द तर आहे. हा पठ्ठ्या डोक्यावरची माझी टोपी सारखी करत म्हणाला, "नाही."

"भोंग्या, नियम माहीत आहे तुला," पंच म्हणाले. "बाहेर बस."

"सर, माझा भाऊ आहे तो. खोटं कशाला बोलेन मी?"

"बाहेर."

भाऊ मालकाकडे बघत राहिला. "दादा, सांग ना त्यांना." मालक बंदुकीवरची माती पुसत होता. भाऊ एकटाच तळावर गेला आणि डाव संपेपर्यंत पाठ करून बसला.

डाव संपल्यावर चहा घेताना कुजबुज सुरू झाली. भोंगा मूर्ख असेल, पण खोटारडा नाही, असं चार जण म्हणाले. ते कानावर आल्यावर मालकाने जे वाक्य टाकलं त्याची मी त्याला मेलो तरी माफी देणार नाही. माझी एक सुतळी चिमटीत धरून तो म्हणाला, "हा झगा फार जाड आहे. लागली असेल तरी कळत नाही."

मी जाड! अरे, जाळीला काही अंग असतं का? वाऱ्याची झुळूकसुद्धा माझ्यातून आरपार जाते. स्वतःच्या तोंडाने शेण खाल्लं आणि हात मला पुसले!

भाऊ पुन्हा खेळायला आला नाही. त्याचा फोनही येईनासा झाला. पूर्वी दिवसाआड यायचा, काहीही निमित्त काढून. मालकाची बायको म्हणाली, "भाऊजींचा महिनाभर फोन नाही." मालक म्हणाला, "कामात असेल." तिने जास्त खोदलं तेव्हा याने तिलाही तीच जाड झग्याची गोष्ट सांगितली. ती नुसतीच बघत राहिली.

शेवटी तिनेच धाकट्या जावेशी बोलून जेवणाचा बेत ठरवला. निघताना मालकाने मला पिशवीत घातलं. वाटलं, आता कबूल करतोय. कसलं काय!

"हा तू घे," भावाच्या घरी गेल्या गेल्या तो म्हणाला. "मला नको. जाड आहे."

भावाने मला हातात तोललं. "बंदूक आणलीयेस?"

"गाडीत आहे."

"आण."

भावाने चष्मा लावला, मला अंगावर चढवलं आणि मागच्या अंगणात गेला. दोरीवरचे कपडे बाजूला सारून मोजून दहा पावलं गेला आणि पाठ करून उभा राहिला. "मार."

"आता कशाला उगाच..."

"मार, दादा."

टप्प! "लागली," भाऊ म्हणाला. पुन्हा टप्प! "लागली." मग त्याने माझी टोपी पाठीवर ओढून दुहेरी केली, म्हणाला, "आता इथे मार, इथे सगळ्यात जाड आहे." टप्प! "लागली." ओरडणं नाही, हसणं नाही. भोंगा इतक्या हळू बोलू शकतो हे मला पहिल्यांदाच कळलं. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

मालकाने बंदूक खाली केली. भावाने मला काढलं, हातावर घेतलं आणि त्याच्यासमोर येऊन थांबला. तो भांडायला थांबला नव्हता हो. तो फक्त वाट बघत होता. एका शब्दाचं काम होतं. मालक दोरीवरच्या कपड्यांकडे बघत म्हणाला, "आज जवळून मारल्या ना, म्हणून."

"तेव्हाही दहाच पावलं होती."

मालकाने बंदूक काखेत मारली. भावाने मला त्याच्या हातात दिलं आणि घराकडे तोंड करून आवाज दिला, "अगं, दोन ताटं उचल. दादा-वहिनी जेवायला थांबत नाहीयेत."

परतताना गाडीत मालकाची बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तीन आठवडे गाठी मारल्यात मी त्याला. जाड असता तर मला ठाऊक असतं." घरी येऊन तिनेच मला माळ्यावर टाकलं.

त्याला आता पाच महिने झाले. मालक खेळायला जात नाही. जाऊन करणार काय, त्याला कुणी गटात घेत नाही.

आणि काल दुपारी बायको बाहेर गेल्याचं बघून हा स्टुलावर चढला. पिशवीची गाठ सोडली. मागेपुढे बघितलं, जसा काही चोरीच करतोय. मग तोंड पार माझ्या सुतळ्यांपर्यंत आणून कुजबुजला, "लागली होती. दोन्ही लागल्या होत्या."

अरे गाढवा, मला काय सांगतोस? माझ्याच पाठीवर बसल्या त्या! इथेही लपूनच, इथेही एकटाच? उतर खाली. फोन टेबलावर पडलाय. भाऊ तुझा आहे, शिव्या घालेल, चार दिवस तोंड बघणार नाही, पण शेवटी हसेल रे तो, त्याला दुसरं येतंय काय! आज कर. पुढच्या वर्षी तुझ्या तोंडून निघालं तर ऐकायला तो थांबलेला नसेल.

त्याचे डोळे भरले होते, खोटं कशाला सांगू. मग त्याने नाक पुसलं, पिशवीला पुन्हा घट्ट गाठ मारली, स्टूल जागेवर ठेवलं आणि मागच्या खोलीत जाऊन कुणाचे तरी दात घासायला बसला.