चिमण्याच्या बाजूची माणसं

अपेक्षाने पाण्याचा तांब्या ओठांना लावला आणि तसाच खाली घेतला. समोरच्या भिंतीवर तिनेच काढलेला फोटो टांगला होता, सोनेरी चौकटीत, काचेखाली. फोटोत चिमण्या होता. पांढराधोप, ऐन उमेदीतला, शिंगं आभाळाला भिडवून मान जराशी तिरपी केलेला. बाकी कोणी नव्हतं. दिवाळीत याच फोटोत बजरंग आबांचं अख्खं घर होतं. ते कुणीतरी कात्रीने अलगद कापून काढलं होतं. उजव्या कडेला एक मनगट तेवढं उरलं होतं, हिरव्या बांगड्यांसकट.

"त्यो हात माजा हाय," आबांच्या पत्नी धोंडाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. चिमण्याच्या फोटोत आपलं निदान मनगट तरी आहे, याचं त्यांना कौतुकच असावं.

अपेक्षाला हसूही येईना आणि रडूही. ती आंबीला आली होती ती चिमण्याचा नवा फोटो काढायला. गावच्या यात्रेचा फ्लेक्स लागणार होता आणि त्यावर चिमण्या हवाच होता. वासरू असताना दिवसभर किरकिर करायचा म्हणून त्याला चिमण्या म्हणू लागले. आता तो घाटात उतरला, म्हणजे बैलगाडे पळवायच्या चढाच्या धावपट्टीवर आला, की माणसं बसल्या जागची उठून उभी राहायची. असे मावळातले कितीतरी नामांकित बैल अपेक्षाच्या कॅमेऱ्यातून फ्लेक्सवर गेले होते. वडगावात कोर्टाच्या रस्त्याला तिचा स्टुडिओ होता, पण लोक तिला ओळखायचे ते बैलांची फोटोवाली म्हणून.

माणसांचं मात्र काही जमत नव्हतं. तिने पैसे भरून ऑनलाइन क्लास केला होता. कुटुंबाचा फोटो कसा काढावा याचे व्हिडिओ ती जेवताना सुद्धा बघायची. उंच माणसं मागे, बायका पुढे खुर्च्यांवर, हनुवटी खाली, खांदे सैल, नवऱ्याचा हात बायकोच्या खांद्यावर. सगळं नियमाप्रमाणे करूनही फोटोतली माणसं लाकडासारखी यायची. तळेगावच्या एका बाईने तर आपल्या घराचा फोटो बघून विचारलं होतं, "आमच्यात कोण गेलंय का?"

त्यातच लोणावळ्याहून काम आलं होतं. रविवारी एका बंगल्यात आजोबांच्या पंच्याहत्तरीला सगळं घर जमणार होतं, आणि त्यांना मोठा एकत्र फोटो हवा होता. हो की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. 'माफ करा, जमणार नाही' असं तिने सकाळीच टाइप करून ठेवलं होतं. पाठवायला तेवढा हात होत नव्हता. आता ही चौकट बघून तिला वाटलं, पाठवून टाकावं आणि मोकळं व्हावं.

"आबा, बाकीची माणसं कुठं गेली?" तिने हसत विचारलं खरं, पण आवाज तिचा तिलाच बारीक वाटला.

बजरंग आबांनी उपरण्याने मान पुसली. मग कान पुसला. मग पुन्हा मान पुसली.

"आगं, चिमण्या लय झ्याक आलता. आमी मातर समदी..." त्यांनी शब्द शोधला. "पोलीस पाटलानं बोलावल्यागत."

"म्हणून कापलं?"

"कापलं न्हाई. निराळं केलं. हाय की आमचा तुकडा. ए, दाव गं तिला."

धोंडाबाईंनी कपाटातून, लुगड्याच्या घडीतून तो तुकडा काढून दिला. अपेक्षा तो घेऊन उंबऱ्याशी, उजेडात आली. दिवाळीत तिने हा फोटो शंभरदा मोठा करून पाहिला होता. डोळे नीट फोकसमध्ये आहेत का, उजेड सारखा पडलाय का, सगळं तपासलं होतं. माणसं मात्र ती आज बघत होती. पुढे दोन खुर्च्या. एकीवर धोंडाबाई, दुसरीवर त्यांची सून प्रेरणा, पोर मांडीवर घेऊन. मागे आबा आणि त्यांचा मुलगा आदिनाथ उभे. सासरा मागे उभा आणि सून खुर्चीत! बिचारी प्रेरणा खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली होती, आता उठेल की मग उठेल अशी. आदिनाथ बायकोची अवस्था बघून घामाघूम झाला होता. आणि आबांचा हात धोंडाबाईंच्या खांद्यावर नव्हताच. तो खांद्याच्या बोटभर वर अधांतरी थांबला होता, तापल्या तव्यावर धरावा तसा. चार माणसांत बायकोच्या खांद्यावर हात ठेवायची पाळी त्या माणसावर उभ्या जन्मात आली नसणार. ती अपेक्षाने आणली होती.

तिचे कान गरम झाले. ती काही मुंबईहून आली नव्हती. तिच्या घरीही आई आजोबांसमोर खुर्चीवर बसत नसे, आणि वडिलांनी आईला कधी नावाने हाक मारल्याचं तिला आठवत नव्हतं. मग कॅमेरा डोळ्याला लावला की हे सगळं कुठं जात होतं? तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

प्रेरणा कडेवरच्या पोरीला सावरत तिच्या मागे येऊन उभी राहिली होती.

"ताई, एक बोलू? राग न्हाई ना यायचा?"

"बोला की वहिनी. आता काय राहिलंय राग यायचं?"

"तुमी चिमण्याशी बोलता. आमाला निस्तं सांगता."

"काय सांगते?"

प्रेरणाने पदर सावरला, एक डोळा मिटला, हवेतच कॅमेरा धरला आणि हुबेहूब अपेक्षाच्या आवाजात म्हणाली, "हनुवटी खाली. खांदा सैल. हसा. हसा ना! आबा, श्वास घ्या!"

आबा एवढ्या मोठ्यांदा हसले की गोठ्यातून चिमण्याने ओ दिली. धोंडाबाईंनी पदर तोंडाला लावला. सगळ्यात शेवटी अपेक्षा हसली, आणि हसता हसता तिच्या ध्यानात आलं की प्रेरणा अगदी खरं बोलली आहे. चिमण्याकडे जाताना ती कॅमेरा आधी बाजेवर ठेवायची. त्याला तळहात हुंगू द्यायची, त्याची मान खाजवायची, काल कुठं पळालास, किती धूळ खाल्लीस म्हणून चौकशी करायची. त्याला हनुवटी खाली घे म्हणून तिने कधी सांगितलं नव्हतं. कारण साधं होतं. बैलाची तिला भीती वाटत नव्हती. बैल फोटो बघून नाक मुरडत नाही. माणसांची मात्र तिला मनातून धास्ती होती, आणि ती लपवायला ती हुकूम सोडायची.

"आबा, मी सगळ्यांचा परत काढते," ती एकदम म्हणाली. "आजच."

"आनि चिमण्याचा?"

"तोही असेलच की त्यात."

आदिनाथ तेवढ्यात पहिली पाळी करून कंपनीतून आला. फोटोचं नाव ऐकताच तो दारातच थबकला.

"कपडे बदलू का?"

"तुम्हाला बदलायचेत का?"

"न्हाई. भूक लागलीय."

"मग खा की."

हा काय प्रकार आहे ते त्याला कळेना. पण फोटोवालीच खा म्हणते म्हटल्यावर त्याने मूठभर शेंगा घेतल्या आणि गोठ्यासमोर पाण्याच्या दगडी डोणीच्या काठावर बसकण मारली. उन्हं उतरणीला लागली होती. आबांनी चिमण्याला दावणीतून सोडून अंगणात आणलं. अपेक्षाने कॅमेरा गळ्यात अडकवला, पण डोळ्याला लावला नाही. ती सरळ जमिनीवर मांडी घालून बसली. कुणी कुठं उभं राहायचं ते तिने सांगितलं नाही. सांगायची सवय जिभेवर आली होती, ती तिने गिळली.

थोडा वेळ सगळे अवघडून उभे राहिले. मग ज्याची त्याची जागा आपोआप झाली. आबा कासरा धरून चिमण्याच्या गळ्याशी. धोंडाबाई गूळ घातलेल्या कणकेच्या गोळ्यांची परात घेऊन आबांच्या पलीकडे, थोड्या अंतरावर. प्रेरणा सासूच्या आड, पोरीला घेऊन. आदिनाथ शेंगा फोडत डोणीवरच.

"आबा, याचा सगळ्यात भारी पळ कुठला?" अपेक्षाने विचारलं.

आता हे काय विचारणं झालं! आबांचा चेहरा खुलला. "नाणोलीचा. दुसरा कुटला? समदे म्हनत व्हते, ह्यो पावन्यांच्या बैलांपुढं टिकायचा न्हाई. आन् ह्यो असा सुटला, असा सुटला..." कासऱ्याचा हात वर गेला, तसं चिमण्यानेही डोकं उचललं. "तुमच्यातलं कोन बी नव्हतं बगायला. ह्याची ड्यूटी, आन् बायका काय येत न्हाईत."

"मी आलते," धोंडाबाई म्हणाल्या.

"कुटं?"

"नाणोलीला. रसाच्या गाड्याच्या मागं हुबी व्हते. शेजारच्या शकुबाईला घिऊन."

आबा आ वासून बघत राहिले. "तू? घाटात?"

"व्हय. तुमी फेटा उडवून नाचत व्हता, ते बी बगितलं. पार धुळीत बसकन मारलीत. शकुबाई म्हनली, ह्ये कोन गं येडं? मी म्हनलं, मला काय ठावं!"

मग अंगणात नुसता हशा उसळला. आदिनाथच्या ओंजळीतल्या शेंगा सांडल्या. प्रेरणा सासऱ्यासमोर हसायचं नसतं हे विसरून खो खो हसली, आणि आईला हसताना बघून पोरगी टाळ्या पिटायला लागली. आपल्याला कुणी विचारत नाही असं बघून चिमण्याने मान लांब करून परातीतला गोळा उचलला, तोंड फिरवलं आणि आबांच्या सैल हातातून कासरा ओढून घेत गोठ्याकडे चालता झाला. अपेक्षा फोटो काढत होती. कॅमेरा डोळ्याला कधी लागला हेही तिला कळलं नव्हतं. फोकस, उजेड, रेषा, काही म्हणून तिच्या डोक्यात नव्हतं. ती आपल्याच घरच्यासारखी हसत होती आणि कॅमेरा हसण्याने हलू नये एवढीच तिला काळजी होती.

हशा ओसरल्यावर तिने कॅमेरा मांडीवर ठेवला आणि मोबाइल काढला. सकाळचं वाक्य पुसून टाकलं. 'रविवारी येते. आजोबांशी आधी थोडा वेळ बोलायला मिळालं तर बरं होईल,' असं लिहिलं आणि पाठवलं. काढलेला एकही फोटो तिने अजून पाहिला नव्हता.

मग सगळे तिच्याभोवती वाकून कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघू लागले. एक फोटो आला आणि आदिनाथ म्हणाला, "आबा, ह्यात चिमण्याचं तोंडच न्हाई. निस्तं ढुंगान आन् शेपटी."

"पुढं आहेत, त्यात तो चांगला आलाय," अपेक्षा घाईघाईने म्हणाली आणि बटणावर बोट नेलं.

"थांब," आबा म्हणाले.

त्यांनी कॅमेरा तिच्या हातून घेतला, गळ्यातल्या पट्ट्यासकट, त्यामुळे अपेक्षाला त्यांच्या जवळ वाकून उभं राहावं लागलं. ते बराच वेळ बघत राहिले. प्रेरणा सासूच्या खांद्याआडून हसत होती. आदिनाथच्या पायाशी शेंगा पसरल्या होत्या. पोरीचे दोन्ही हात हवेत होते.

"ह्योच मोटा करून दे," ते म्हणाले.

"आबा, पण चिमण्या..."

"त्याचा हाय की भितीवर."

धोंडाबाईंनी पडद्याजवळ तोंड नेलं, डोळे बारीक केले. "आन् तुमी कुटं बगताय ह्यात? एवडं त्वांड उगडं टाकून?"

"चिमण्याकडं," आबा म्हणाले.

चिमण्याची शेपटी फोटोच्या डाव्या कडेला होती. आबांचं तोंड उजवीकडे होतं, आणि उजवीकडे धोंडाबाई परात सांभाळत, मान मागे टाकून, पोरीसारख्या हसत होत्या. आदिनाथने शेंगा वेचायला घेतल्या. प्रेरणाने पोरीच्या नाकाला पदर लावला, नाक स्वच्छ असताना.

धोंडाबाईंनी परात उचलली आणि त्या आत गेल्या. चुलीशी भांडं वाजलं. मग त्यांचा आवाज आला, जरा मोठाच.

"पोरी, च्या टाकलाय. जाऊ नगंस येवड्यात. आन् ह्यांना म्हनावं, आज साखर जास्त टाकलीय, कुरकुर करायची न्हाई."